दावणीची शेळी आणि पहिले शील



दीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली की आपल्या घरांपुढे एक प्रश्न हमखास येतो. देव्हारा रिकामा झालेला असतो, मरीआईचा नवस बंद झालेला असतो, आखाडातला बोकड आता कापला जात नाही. मग गावातला एखादा हुशार माणूस पारावर बसून खोचकपणे विचारतो, "देवीला बोकड द्यायचे सोडले म्हणता, पण खाटकाला बोकड विकता ना? बोकडाला काय फरक पडला?" आपली तरुण मुले याला काहीतरी चढ्या आवाजात उत्तर देतात, म्हातारी माणसे गप्प बसतात आणि शेळ्या राखणारी बाई मात्र रात्री विचार करीत राहते. कारण तिने पंचशील रोज म्हटलेले असते आणि त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला जास्त धार आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, तरी इथल्या शेळीचे नाव देशभर 'उस्मानाबादी' हेच राहिले आहे. बहुतेक काळी, काटक, निम्म्या पाल्यावर जगणारी आणि पुष्कळदा जुळी देणारी ही शेळी भूमपासून उमरग्यापर्यंत भूमिहीनांच्या दारात दिसते. पाऊस दगा देतो, सोयाबीन जाते, ऊसतोडीची उचल आधीच खर्च झालेली असते. अशा घरात दोन बोकड म्हणजे बँक. मुलीची कॉलेजची फी, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, पत्र्याचे घर, सगळे त्यांच्यावर. तिला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नव्हे. म्हणून शेळी विकणाऱ्याने शील मोडले काय, हा प्रश्न आपल्याकडे चुलीपाशी बसलेला आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे.

प्रथम अवघड बाजू सांगतो, म्हणजे पळवाट काढली असे कोणी म्हणू नये. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जुन्या अट्ठकथेने यातल्या जीवांच्या व्यापाराचा अर्थ माणसांची विक्री असा लावला आहे. हे वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील, तर त्याने पुढची ओळही वाचावी. त्याच अट्ठकथेत मांसाच्या व्यापाराखाली जनावरे पाळून विकणे घातले आहे. तेव्हा ग्रंथात आपल्याला सोयीचे तेवढेच आहे, असे नाही.

आता बाबासाहेब काय म्हणतात ते पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेवर लिहिताना त्यांनी दोन भेद केले आहेत. एक भेद मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला. दुसरा तत्त्व आणि नियम यांतला. तथागतांनी अहिंसा नियम म्हणून घालून दिली नाही, तत्त्व म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियम माणसाला विचार करू देत नाही. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विचार करायला लावते. आपल्यातले काही लोक हा भेद वाचतात आणि 'चला, मोकळे झालो' असे समजतात. मला हे वाचन चुकीचे वाटते. नियम असता तर तो एकदा पाळून माणूस निवांत झोपला असता. तत्त्व स्वीकारल्यामुळे उलट दर वेळी स्वतःला विचारावे लागते, की ही गरज खरी आहे काय, आणि गरजेच्या आड माझी इच्छा किंवा निव्वळ निष्काळजीपणा लपला आहे काय?

ही कसोटी लावली की पारावरच्या माणसाला उत्तर मिळते. देवीला बोकड देण्यात गरज कोणाची होती? देवीची नव्हती, कारण ती खात नाही. आपलीही नव्हती. बळीचा बोकड तर पुष्कळदा कर्ज काढून आणला जाई. दीघ निकायात कूटदंत ब्राह्मणाची कथा आहे. त्याने यज्ञासाठी बैल, कालवडी, बोकड, मेंढे प्रत्येकी सातशे अशी जनावरे खांबाला बांधली होती. बुद्धांशी बोलणे झाल्यावर त्याने ती सारी सोडून दिली, हिरवे गवत खाऊ द्या, गार पाणी पिऊ द्या म्हणून. आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला नवरात्रात अजाबळी दिला जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कलम २८ अन्वये धर्माच्या रीतीने केलेल्या वधाला सूट आहे. कायद्याने सूट दिली तरी आपण ती घेतली नाही, यात मोठा फरक पडला. मुलीच्या फीसाठी बोकड विकणाऱ्या आईला गरज आहे, मारण्याची इच्छा नाही. तिला मी पाच निषिद्ध व्यापारांतली व्यापारी म्हणणार नाही. मात्र ज्याच्या घरी नोकरी आहे, शेत आहे, दुसरा मार्ग आहे, त्याने 'बाबासाहेबांनी सूट दिली' म्हणून शंभर बोकडांचा धंदा काढावा आणि वर गरजेचे नाव घ्यावे, हे मला पटत नाही. असा माणूस मला भेटला तर मी तोंडावर सांगेन.

पण वाचकहो, खरी गोष्ट पुढेच आहे. सगळा वाद आपण बोकडाच्या शेवटच्या दिवसावर घालतो. त्याच्या आधीचे आठ-दहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, ते जनावर आपल्या दावणीला असते. त्याची आई तर कितीतरी वर्षे असते. त्या दिवसांचा हिशेब कोणी विचारीत नाही. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा आठवा. तिच्यात प्राणिमात्रांविषयी दया आहे आणि तिला जोडून त्यांचे पालनही आहे. पालन ही रोजची गोष्ट आहे. शीलाची परीक्षा खाटकाच्या दारात होते तशी आणि त्याहून जास्त वेळा आपल्या गोठ्यात होते.

जनावराला दुखते, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे तुम्ही म्हणाल. तरीही शास्त्राने जे दाखवले ते ऐकण्यासारखे आहे, कारण 'मुक्या जनावराला काय कळते' हे वाक्य आपल्याकडेही फार सहज म्हटले जाते. २०१० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात उंदराच्या चेहऱ्यावरून त्याची वेदना मोजण्याची रीत बसवली गेली. डोळे किती मिटले, गाल कसे ओढले, कान कुठे वळले, हे पाहून वेदनेला अंक देता येतो. पुढे घोड्यांसाठी आणि मेंढ्यांसाठीही अशीच मापे तयार झाली. शेळ्यांवरचे प्रयोग इंग्लंडात केंट परगण्यात झाले. एका डब्यात खाऊ ठेवला, डबा शेळीला उघडता येणार नाही असा बंद केला. शेळी धडपडून थकली की शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे वळून बघू लागली. तोच माणूस पाठमोरा असला तर ती कमी बघत असे. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली त्याच मंडळींनी दाखवले, की हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांची छायाचित्रे टांगली तर शेळ्या हसऱ्या चेहऱ्याकडे अधिक जातात. आपल्या वस्तीतली कोणतीही शेळीवाली बाई हे वाचून हसेल. तिला हे केव्हाच ठाऊक आहे. शेळी तिचे तोंड वाचते, आणि तरीही ती शेळीचे तोंड वाचायचे पुष्कळदा टाळते.

दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. एक, खच्ची करणे. आपल्याकडे बैल आणि बोकड बडवण्याची जुनी रीत आहे. दोन लाकडांत किंवा दगडांत अंड चेचायचे, चार माणसांनी जनावर दाबून धरायचे. दवाखान्यात बर्डिझो नावाचा चिमटा असतो. तो कातडी न फाडता आतली नस दाबतो. पण दुखते त्यानेही. रक्तातले ताणाचे द्रव्य तपासून हे मोजले गेले आहे. वेदना काही तासांत संपत नाही, आणि आधी बधिर करण्याची सुई व नंतर वेदनाशामक दिले तर ती पुष्कळ कमी होते. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचा. बैल, बोकड, मेंढे खच्ची करू नयेत असे ठराविक तिथ्यांचे दिवस त्याने दगडावर कोरून ठेवले आहेत. घोड्याबैलांना डागू नये असेही दिवस सांगितले आहेत. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे खटकले ते आपल्याला खटकू नये काय? अशोकाला सुई ठाऊक नव्हती, म्हणून तो दिवस कमी करू शकला. आपल्याला वेदना कमी करता येते. तेव्हा बडवणाऱ्याला बोलावण्याऐवजी डॉक्टरला बोलवा आणि बधिर करण्याची सुई मागून घ्या. मागितल्याशिवाय ती मिळेलच असे नाही.

दुसरी गोष्ट डागण्याची. लंगडणाऱ्या बैलाच्या खांद्याला, सुजलेल्या सांध्याला तापलेला विळा लावायचा, म्हणजे 'वाईट रक्त' जळते, ही समजूत अजून गेलेली नाही. इंग्लंडातही शर्यतीच्या घोड्यांचे पाय असेच डागत. १९८३ साली ब्रिस्टल विद्यापीठाने तपासून दाखवले, की डागण्याने स्नायुबंध लवकर भरून येत नाही. तेव्हा सुशिक्षित साहेबही आपल्याच वाटेने चालला होता आणि त्यालाही तपासणीनेच शहाणे केले. डागणे हे दयेपोटीच केले जाते, हे मी मुद्दाम सांगतो. बैलाचा मालक बैलावर रागावलेला नसतो. त्याला बैल बरा व्हावा असेच वाटते. करुणा असते, प्रज्ञा नसते.

मे १९५६ मध्ये बाबासाहेबांनी लंडनच्या नभोवाणीवर आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे त्यांनी एकत्र सांगितली. प्रज्ञा त्यांनी पहिली का ठेवली असावी, याचे मला सुचणारे उत्तम उदाहरण गिधाडांचे आहे. आणि त्याचा आपल्या समाजाशी जवळचा संबंध आहे.

मेलेली ढोरे ओढणे हे काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या गळ्यात जातीने बांधलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. ढोरे ओढणेही गावोगाव सुटले आणि त्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. गावाबाहेर पडलेली ढोरे मग गिधाडे तासाभरात फस्त करीत. १९९० नंतर गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर शंभरात एकही उरले नाही. कोणी म्हणाले रोग आला, कोणी म्हणाले विष घातले. २००४ साली पाकिस्तानात संशोधन करणाऱ्या चमूने कारण शोधून काढले. डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक होते ते. माणसांच्या गुडघेदुखीचे हे औषध स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला सर्रास टोचले जाऊ लागले. जनावर मेले तर ते औषध त्याच्या मांसात उरे, आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडे. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांची मोठी बाटली गोठ्यात येतच राहिली, म्हणून २०१५ साली मोठ्या बाटल्याही बंद कराव्या लागल्या. २०२३ साली त्याच जातीची आणखी दोन औषधे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, जनावरांसाठी बंद झाली. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. गिधाडे गेली, ढोरे कुजत पडली, पाणी नासले, कुत्री वाढली, आणि २००० ते २००५ या काळात या देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे.

बैलाचे दुखणे कमी व्हावे म्हणून दिलेल्या सुईने हे सारे झाले. यावरून दुखणाऱ्या जनावराला औषधच देऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे तपासून सिद्ध झालेले आहे आणि ते दुकानात मिळते. नाव लक्षात ठेवा. कोपऱ्यावरचा 'सुईवाला' कोणते औषध भरतो ते विचारा. विचारले म्हणून तो चिडला तर दुसरा पाहा. आणि मेलेल्या ढोराचे काय करायचे, याचे उत्तर आपल्या वस्तीकडे बोट दाखवून कोणी देऊ लागला, तर ग्रामपंचायतीला सांगा, की मशीन लावून खोल खड्डा काढणे हे पंचायतीचे काम आहे. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यात ढोरे खड्ड्यातच पुरली गेली. त्यासाठी कोणत्याही जातीची गरज लागली नाही.

आता एक आक्षेप. आपले काही तरुण म्हणतात, जनावरांवरची दया ही त्यांची भाषा आहे, ज्यांनी गाईला माता म्हटले आणि आपल्याला पाणी नाकारले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना उघडे करून मारले. अशा देशात आम्ही शेळीच्या वेदनेवर लेख वाचायचे काय? हा राग खरा आहे, आणि तो मला परका नाही. पण ऊनाच्या त्या कुटुंबाने २०१८ साली धम्मदीक्षा घेतली, हेही ध्यानात घ्या. त्यांनी असा मार्ग निवडला, ज्यात माणूस आणि जनावर यांच्या वेदनेचा तराजू एकमेकांविरुद्ध धरलेला नाही. अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या औषधोपचारांची व्यवस्था एकाच वाक्यात सांगितली आहे. ज्याने गाईचे निमित्त करून माणसाला मारले त्याच्याकडे करुणा नव्हतीच. मग त्याच्या नावावर ती का लिहून द्यायची?

असाध्य वेदनेच्या जनावराविषयीही चार शब्द. १९२८ साली साबरमती आश्रमात तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी सुई देऊन मरण दिले, आणि देशभर गदारोळ उठला. गांधीजींशी आपले भांडण जगाला माहीत आहे. पण त्या दिवशी ते बरोबर होते, असे मी म्हणतो. तिथे गरज होती, इच्छा नव्हती. १९६० च्या कायद्यातही अशा जनावराची सुटका करण्याची तरतूद आहे. डॉक्टरने आशा नाही असे सांगितल्यावर 'पाप लागेल' म्हणून मोडक्या कण्याची शेळी आठ दिवस उन्हात पडू देणे, ही अहिंसा नव्हे.

शेवटी, मरू न देण्याविषयी. शेळ्यांत पीपीआर नावाचा विषाणूचा रोग येतो. ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण. आठवड्यात कळप निम्मा होतो. भारतात तो १९८७ साली तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे त्याला अजून 'वारे लागले', 'दृष्ट लागली' म्हणतात आणि गंडा बांधतात. ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्या शेळीच्या गळ्यातही कधी कधी काळा दोरा दिसतो. तो आता काढा. हा रोग गाई-म्हशींच्या बुळकांडीचा सख्खा भाऊ आहे. बुळकांडीने एकेकाळी गावेच्या गावे बैलाविना केली होती. तिच्याशी झुंजायला सरकारने १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या कित्येक पिढ्यांच्या कामातून लस निघाली, दारोदार टोचली गेली. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून पुसलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. कोणत्याही बळीने ती गेली नाही.

पीपीआरची लसही त्याच संस्थेने तयार केली. एकदा टोचली की निदान तीन वर्षे पुरते. २०३० पर्यंत हाही रोग जगातून घालवायचे ठरले आहे. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की ही लस द्यायची. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाला द्यायची, कारण कोवळा पाला आधाशासारखा खाल्ला की तो रोग उठतो. 'टोचले की शेळी गाभडते' ही भीती बायकांत फार आहे. शेळी गाभण असेल तर डॉक्टरला तसे आधी सांगा, तो योग्य वेळ ठरवील. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरते पथक मागवता येते. वस्तीतल्या सगळ्या शेळ्या एकाच दिवशी टोचून घ्याव्यात. एका दारातली राहिली तर रोग तिथूनच शिरतो. विहारात रविवारी वंदनेला सगळी घरे जमतात. त्याच वेळी कोणाच्या किती शेळ्या, किती करडे, किती गाभण, याची यादी एका वहीत लिहून ती दवाखान्यात नेऊन द्यायला कोणी तरी एक मुलगी किंवा मुलगा नेमावा.